इंडिकेटर दिला की पेट्रोलचा काटा हलायचा

मागच्या जुलैत सुरू झालेलं माझ्या गाडीचं हे प्रकरण दसऱ्याच्या आधी एकदाचं संपलं. मध्ये बॅटरीचे साडेपाच हजार गेले, दोन गॅरेजं झाली, डायनामो (चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करतो तो) उतरवायची वेळ आली होती, आणि शेवटी निघालं काय तर बोल्टखाली गंजलेली एक हातभर वायर आणि एक पट्टी जी कुणीतरी काढून परत लावलीच नव्हती. डॅशबोर्डवरच्या मीटरचे दिवे लुकलुकतायत म्हणून सांगितलं की एक जण बॅटरी म्हणतो, दुसरा डायनामो म्हणतो, आणि दोघंही मोजून बघत नाहीत. मला हे फार लागलं, कारण पैसे आपले जातात, दोष गाडीतच राहतो आणि तो दोष घेऊन आपण रात्रीचे घाट उतरत असतो. म्हणून जे जे केलं ते सगळं लिहितेय, माझ्या चुकांसकट.

गाडी २००७ सालची पेट्रोल हॅचबॅक. बाबांनी घेतलेली. नऊ वर्षं ती हर्णैला आमच्या अंगणात उभी असायची, समुद्र तिथनं हाकेच्या अंतरावर. नंतर माझ्याकडे पुण्याला आली. खारी हवा गाडीचं काय करते ते पत्र्यावर दिसतं, दाराच्या खालच्या कडा फुगतात, सायलेन्सर सडतो, ते आपण रंगवून घेतो, बदलून घेतो. पण वायरींच्या टोकाला तीच हवा काय करते ते दिसत नाही, कारण टोकं असतात बॅटरीच्या ट्रेखाली नाहीतर कुठल्यातरी ब्रॅकेटच्या मागे.

त्या शुक्रवारी ऑफिसमधनं निघायला उशीर झाला, चांदणी चौक सुटेपर्यंत साडेसात, आणि मुळशीच्या पुढे जो पाऊस लागला तो थेट माणगावपर्यंत. हेडलाइट, वायपर फुल्ल, काचेवर वाफ धरते म्हणून ब्लोअर चारवर, मागच्या काचेचा डिफॉगर पण चालू. ताम्हिणीत उतार लागला आणि मीटरचा उजेड मंद झाला, मग थरथरायला लागला. खड्डा आला की पूर्ण जायचा, परत यायचा. हेडलाइटचा उजेडही जरा मागेपुढे होतोय असं वाटत होतं पण पावसात खात्री होईना. आणि एका वळणावर इंडिकेटर दिला तर पेट्रोलचा काटा इंडिकेटरच्या टिकटिकीबरोबर हलायला लागला, टिक झालं की खाली, टक झालं की वर. इंडिकेटर बंद केला, काटा स्थिर. हे मी त्या रात्री बघितलं आणि विसरले, खरं म्हणजे तिथेच सगळं उत्तर होतं. त्या वेळी डोक्यात एकच, की आत्ता सगळे दिवे गेले तर या धुक्यात आपण कुठे आहोत ते मागच्या गाडीला कळणार नाही. पुढे एक एसटी होती, तिचे मागचे दिवे नजरेतनं सोडले नाहीत आणि तिच्या मागे मागे घाट उतरले.

इथे थांबून एक गोष्ट सांगते, बाकीचं नाही वाचलं तरी चालेल पण हे वाचा. मीटरमध्ये लुकलुकणारे दिवे दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे मीटरचा नुसता उजेड, रात्री आकडे दिसावेत म्हणून असतो तो. दुसरे वॉर्निंगचे. तेलाच्या किटलीचा लाल दिवा आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, लुकलुकत असेल तर वायरिंगचा दोष असेल असं धरून गाडी हाकत राहू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, थोडा वेळ तेल खाली बसू द्या आणि डिपस्टिक बघा. तेल कमी झालेलं असतं, किंवा फार पातळ झालेलं असतं, किंवा पंप प्रेशर देत नसतो, आणि त्या दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर इंजिन जाम होतं आणि मग खर्चाला तोंड राहत नाही. कधी नुसता प्रेशर स्विच खराब असतो हे खरं, पण ते गेज लावून ठरवायचं, मनाने नाही. तसाच बॅटरीचा लाल दिवा. गाडी चालू असताना तो लागला म्हणजे चार्जिंग थांबलं, आता गाडी बॅटरीत आहे तेवढ्यावरच चाललीये, आणि रात्री पावसात हेडलाइट-वायपर लावून अशी गाडी फार लांब जात नाही. माझ्या गाडीत हे दोन्ही दिवे लागत नव्हते. फक्त उजेड थरथरत होता आणि काटा हलत होता.

घाट उतरल्यावर वाटेत एक गॅरेज उघडं दिसलं. तिथल्या पोराने बोनेट उघडलं, टर्मिनल हलवून बघितलं, बॅटरी किती जुनी विचारलं, मी म्हटलं चार वर्षं झाली, तर म्हणाला मग गेलीच, नवीन टाका. रात्रीचे साडेदहा, पाऊस, एकटी, पुढे लोणेरे, आंबेतचा पूल, मंडणगड, दापोली एवढा रस्ता बाकी. टाकली. आणि दिवे एकदम नीट! घरी पोचल्यावर बाबा म्हणाले, "अगं बाय, चार वर्षं म्हणजे बॅटरीचं आयुष्य झालंच होतं, बरं केलंस." मलाही तेच वाटलं.

तीन आठवडे काही झालं नाही. आता कळतंय की बॅटरी बदलताना त्याने निगेटिव्हचं टर्मिनल काढलं, वायर हलली, परत आवळलं, त्या हलवाहलवीत आतला गंजलेला जोड तात्पुरता नीट टेकला. नवीन बॅटरीने काहीच बरं केलं नव्हतं. हे फार जणांच्या बाबतीत होत असणार, पार्ट बदलला, दोष गेला, म्हणजे पार्टच खराब होता असं आपण धरतो, पण पार्ट बदलताना अजून चार गोष्टींना हात लागलेला असतो.

गणपतीला जाताना परत सुरू झालं, या वेळी हायवेलाच, लोणेऱ्याला वळायला इंडिकेटर दिला आणि काटा नाचायला लागला. पुण्याला परत आल्यावर दुसऱ्या गॅरेजात दाखवली. तिथे म्हणाले डायनामो उतरवून बघावा लागेल, आतला कटआउट (व्होल्टेज आवरणारा भाग) नाहीतर डायोड गेला असेल, चार-पाच हजार धरून चला. मी विचारलं व्होल्टेज मोजलं का, तर म्हणाले मोजायची गरज नाही, लक्षणं तीच आहेत. मी गाडी घेऊन परत आले आणि येताना मल्टिमीटर विकत घेतला, साडेतीनशे रुपयांचा, पिवळा, सगळीकडे मिळतो तो.

आता थोडं आकड्यांचं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ व्होल्ट आले म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना आकडा खाली येणारच, पण साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी दमलीये. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या आसपास पाहिजे, म्हणजे डायनामो चार्ज करतोय. सगळे दिवे, ब्लोअर, वायपर, डिफॉगर लावून बघायचं, तेव्हाही साडेतेराच्या वर राहिला तर डायनामोला दम आहे. माझे आकडे आले १२.६, सेल्फला १०.८, चालू गाडीत १४.२, आणि सगळं लावून १३.९. म्हणजे ज्या डायनामोला उतरवायला निघाले होते तो ठणठणीत होता. डायनामो फिरवणारा पट्टाही बघितला, सैल नव्हता, ओरडत नव्हता, चिरा नव्हत्या. पट्टा सैल असेल तर लोड टाकला की आकडा पडतो आणि पावसात पट्टा किंचाळतो, ते ओळखायला सोपं आहे.

डायोडची शंका राहिली होती. डायनामो आत एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारा, करंट तयार करतो आणि डायोड त्याचा एकाच दिशेने वाहणारा डीसी करतात, एखादा डायोड गेला की थोडा एसी बाहेर गळतो आणि दिवे बारीक थरथरतात, विशेषतः इंजिनचा स्पीड बदलला की थरथर बदलते. ते बघायला मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू गाडीत बॅटरीवर लावायचा, ०.१ व्होल्टच्या खाली असेल तर ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर डायोड गेला समजा. मी लावला तर आकडा आला तीसच्या पुढे! मी घाबरले. इंजिन बंद करून लावला तरी अठ्ठावीस. मग शोधलं तेव्हा कळलं की या स्वस्त पिवळ्या मल्टिमीटरांना एसीच्या रेंजवर डीसी अडवता येत नाही, त्यामुळे बारा व्होल्ट डीसी दिलं की ते अठ्ठावीस-तीस दाखवतात आणि वायरी उलट लावल्या की शून्य. या कामाला तो चालतच नाही. शेजारच्या दादाकडे चांगला मल्टिमीटर होता, त्याच्यावर ०.०३ आले. डायनामो सुटला एकदाचा.

मग अर्थिंगकडे वळले आणि इथे माझी मोठी चूक झाली. अर्थिंग म्हणजे काय ते आधी सांगते. गाडीत प्रत्येक दिव्याला दोन वायरी घरापर्यंत, म्हणजे बॅटरीपर्यंत, नेत नाहीत. प्लसची वायर दिव्यापर्यंत जाते, आणि परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. दिवा, मीटर, ब्लोअर, सगळ्यांचा करंट पत्र्यात उतरतो आणि पत्र्यातनं बॅटरीच्या निगेटिव्हला परत येतो. तो पत्रा बॅटरीला जोडणारी एक वायर असते, आणि इंजिन पत्र्याला जोडणारी एक तांब्याच्या जाळीची पट्टी असते (बॅटरीतनं थेट इंजिनला जाणारी जाड वायर माझ्या गाडीत वेगळी आहे). या दोन जोडांवर पत्र्यातला सगळा परतीचा करंट चालतो. तर मी काय केलं, मल्टिमीटर बीपवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो त्या सेटिंगवर) ठेवला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, एक पत्र्याला, बीप वाजला. म्हटलं अर्थ ओके. आणि पुढचे दोन आठवडे मी मीटर खोलून त्याच्या मागचं कनेक्टर साफ करत बसले, फ्यूज काढून घालून बघितले, डिमरचं चाक फिरवून बघितलं.

बीप का फसवतो ते नंतर समजलं, आणि या सगळ्या लेखातलं हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बीप वाजायला जोड थोडासा टेकला तरी पुरतं, केसाएवढी एक तार शिल्लक असली तरी वाजतो, कारण मल्टिमीटर त्यातनं अगदी नगण्य करंट सोडतो. गाडीला मात्र तिथनं तीसेक अँपिअर न्यायचे असतात. दोन हेडलाइट ५५ वॅटचे धरले तरी नऊ अँपिअर होतात, वर ब्लोअर, डिफॉगर, वायपर. आता जोडात फक्त ०.०३ ओहमचा अडथळा धरा. तो ओहमवर मोजता येत नाही, मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्याच्या कितीतरी पट असतो. पण ०.०३ गुणिले ३० म्हणजे ०.९ व्होल्ट, आणि एवढं व्होल्टेज त्या जोडातच खर्ची पडतं. आणि साध्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्यापेक्षा फार वेगाने पडतो, दहा टक्के व्होल्टेज गेलं की उजेड साधारण तीस टक्के जातो. म्हणून एवढ्याशा फरकाने मीटर डोळ्यांना मंद दिसतो. त्यात जोड गंजका, गाडी हादरली की अडथळा क्षणात तिप्पट, क्षणात परत कमी, म्हणून थरथर. आणि इंडिकेटरचा बल्ब पेटला की त्याच जोडावर अजून ओझं पडतं, म्हणून टिकटिकीबरोबर काटा हलतो.

मला हे सुचलं एका चार्जरमुळे. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा यूएसबी चार्जर आहे माझ्याकडे, त्याच्यावर व्होल्टेजचा छोटा आकडा दिसतो. एका रात्री सगळं चालू असताना तो दाखवत होता १२.८, आणि मला आठवत होतं की बॅटरीवर सगळं लावून १३.९ होते. मग एक व्होल्टच्या वर जातंय कुठे? बॅटरीत आहे आणि गाडीच्या आत नाही, म्हणजे वाटेत कुठेतरी पडतंय. हे वाक्य डोक्यात आलं आणि मी रात्री अकराला खाली पार्किंगमध्ये गेले.

जी टेस्ट करायची तिला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात आणि ती साडेतीनशेच्या मल्टिमीटरवर उत्तम होते. गाडी चालू, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, हेडलाइट, ब्लोअर, डिफॉगर सगळं लावायचं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटावर, टर्मिनलवर (त्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर) नाही, खुंटावरच, कारण टर्मिनल आणि खुंट यांच्यातच गंज असू शकतो. दुसरं टोक पत्र्यावरच्या एखाद्या रंग नसलेल्या बोल्टवर. दोन्ही निगेटिव्हच, त्यामुळे आकडा शून्याजवळ पाहिजे, ०.१ पर्यंत उत्तम, ०.२ च्या वर गेला तर जोड बघायला हवा. मग तेच इंजिनच्या ब्लॉकवर. मग प्लसच्या बाजूला डायनामोचा मोठा बोल्ट ते बॅटरीचा प्लसचा खुंट.

माझ्या गाडीत निगेटिव्ह ते इंजिन ०.०५. निगेटिव्ह ते पत्रा ०.९१.

मी दुसऱ्या हाताने बॅटरीखालनं पत्र्याकडे जाणारी काळी वायर जरा हलवली तर आकडा २ च्या पुढे गेला, सोडली तर परत ०.७, परत ०.९. वर काचेतनं मीटरचा उजेड त्याच तालावर कमीजास्त होताना दिसत होता. इतके दिवस जे रस्त्यात घडत होतं ते माझ्या दोन बोटांत होतं. त्या क्षणी मला केवढं बरं वाटलं हे सांगता येत नाही, अंगावर काटा आला.

पक्कं करायला अजून एक गोष्ट केली, ती दुसऱ्या शनिवारी हर्णैला, दिवसा, बाबांना गाडीत बसवून. दुसऱ्या गाडीवरनं स्टार्ट करायला जी जम्पर केबल ठेवतो त्यातली काळी घेतली, एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा पत्र्यावरच्या साफ बोल्टला. म्हणजे त्या गंजक्या वायरीला पर्यायी रस्ता दिला. "बाबा, आता द्या इंडिकेटर." "दिला. हलत नाही गं काटा." "मीटर?" "एकदम स्वच्छ." चिमटा काढला, "आता?" "हलला." तीन वेळा केलं. एक रुपयाचा पार्ट न बदलता दोष कुठे आहे ते नक्की झालं. कुणाच्याही गाडीत असं लुकलुकत असेल तर मी म्हणेन बॅटरी घ्यायच्या आधी ही जम्पर केबल लावून बघा.

बॅटरीचा ट्रे काढल्यावर खाली ती वायर जिथे पत्र्याला बोल्टने बसवली होती तिथे थिंबल (वायरीच्या टोकाची भोकाची धातूची टोपी) हिरवट-पांढऱ्या पावडरीने भरलेलं होतं. मी बोल्ट काढला, पॉलिश पेपरने थिंबल आणि पत्रा घासला, परत आवळलं. आकडा ०.९ वरनं ०.४ वर आला आणि तिथेच अडला. म्हणजे दोष अजून बाकी होता, आणि आता तो माझ्या हाताबाहेरचा होता, म्हणून दापोलीला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. वयस्कर काका आहेत, बाबा त्यांच्याकडे जुन्या स्कूटरच्या वेळेपासनं जायचे. मी आकडे सांगितले तर त्यांनी आश्चर्य वगैरे केलं नाही, नुसतं मान हलवून म्हणाले, "ताई, वायरीच्या आत बघायला पाहिजे." ब्लेडने थिंबलच्या मागचं रबर चिरलं. आतलं तांबं काळं पडलेलं, बोटाने चोळलं तर हिरवा भुगा. अजून बोटभर मागे चिरलं, तिथेही तसंच. खारी हवा वायरीच्या टोकातनं आत शिरते आणि तारांच्या मधनं चढत जाते, बाहेरनं रबर नवीन दिसतं.

त्यांनी सोळा स्क्वेअरची (सोळा चौरस मिलिमीटर जाडीची) नवीन वायर घेतली, दोन्ही टोकांना नवीन थिंबल प्रेसने दाबले, वर तापवून आवळणारी स्लीव्ह चढवली. पत्र्यावर जिथे बसवायची तिथला रंग पार खरवडून चकचकीत लोखंड काढलं, मध्ये दातेरी वॉशर घातला. मी विचारलं ग्रीस आधी की नंतर, तर म्हणाले, "आवळून झाल्यावर वरनं. आधी घासायचं, मग कोरडं आवळायचं, मग ग्रीस." मग इंजिनच्या मागे हात घालून चाचपत होते, आणि विचारलं, "क्लचचं काम कधी केलंत?" दोन वर्षांपूर्वी. "तेव्हा पट्टी काढलीये, लावलेली नाही." इंजिन ते पत्रा ही जी जाळीची पट्टी म्हटलं ती नव्हतीच. नुसतं रिकामं भोक. म्हणजे दोन वर्षं सगळ्या पत्र्याचा करंट त्या एकाच सडक्या वायरीवर होता. मला राग आला त्या कामाचा, अजूनही येतो. अशी अर्थ तुटलेली असली की करंट मिळेल ती वाट धरतो, क्लचच्या नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधनं जातो, आणि ती केबल तापून तिचं आवरण वितळतं, आतल्या आत अडकते. घाटात अ‍ॅक्सिलरेटरची केबल अडकली तर काय, हा विचार करून मला त्या रात्री झोप नीट लागली नाही.

नवीन पट्टी, वायर, मजुरी धरून साडेचारशे रुपये घेतले. नंतर सगळं लोड लावून मी परत मोजलं, निगेटिव्ह ते पत्रा ०.०४. चार्जरवर १३.६. हेडलाइट किती मंद झाले होते ते नीट झाल्यावर समजलं, वर्षानुवर्षं हळूहळू कमी होत गेलं की डोळ्यांना सवय होते. ब्लोअरही जोरात फिरायला लागला. जास्त वॅटचे बल्ब टाकावेत असं माझ्या मनात होतं, ते टाकले असते तर त्याच सडक्या वायरीवर अजून ओझं पडलं असतं.

तुमच्या गाडीत हेच असेल असं नाही. मीटरवर नुसतं टपली मारल्यावर उजेड येतजात असेल तर मागचा कनेक्टर नाहीतर बल्बचा होल्डर सैल आहे, साधे बल्ब काढून एलईडी टाकलेल्या मीटरमध्ये हे फार होतं. चावी जरा हलवली आणि सगळंच गेलं-आलं तर इग्निशन स्विचचे पॉइंट झिजलेत, जड किचेन लावलेल्या गाड्यांत विशेष. नवीन गाड्यांत मीटर मोबाईलच्या व्हिडिओत लुकलुकतो पण डोळ्यांना दिसत नाही, तो दोष नाही, एलईडीचा उजेड कमी करायला ती फार वेगाने चालू-बंद केली जाते आणि कॅमेरा ते पकडतो. पावसाळ्यात उभ्या गाडीत उंदीर शिरून वायरी कुरतडतात, बोनेट उघडल्यावर लेंड्या दिसल्या तर आधी तेच. सीट पुढे-मागे केली की एअरबॅगचा दिवा लागत असेल तर सीटखालचं पिवळं कनेक्टर सैल झालेलं असतं, पण त्या पिवळ्या वायरींना मल्टिमीटर लावू नका, अजिबात नाही, ते काम माहितगार माणसाकडेच द्या.

आणि स्वतः बॅटरीजवळ काम करणार असाल तर हातातली बांगडी, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. प्लसच्या टोकाला पाना लावलेला असताना तो पत्र्याला टेकला की ठिणगी नाही, भट्टी होते, आणि अंगठी मध्ये सापडली तर बोट भाजून निघतं. म्हणून काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह सगळ्यात शेवटी, हा क्रम पाठ करा. बॅटरीतनं हायड्रोजन निघतो, जवळ काडी-सिगारेट नको. टर्मिनलवरची पांढरी पावडर ब्रशने कोरडी झाडू नका, डोळ्यात जाते, खायचा सोडा गरम पाण्यात कालवून ओता, फसफसून निघून जाते, मग साध्या पाण्याने धुवा, पुसा, आवळा आणि वरनं व्हॅसलिन. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात असताना व्होल्टेज मोजायला जाऊ नका, ते बॅटरी थेट शॉर्ट केल्यासारखं आहे, स्वस्त मल्टिमीटरात तिथे बऱ्याचदा फ्यूजही नसतो.

दसऱ्याला परत गेले, रात्रीच, ताम्हिणीतनंच. पाऊस थोडा होता. वळणावळणाला इंडिकेटर देत गेले आणि दर वेळी काट्याकडे बघत होते, पाव टाकीच्या रेषेवर तसाच होता.

आता एकच राहिलंय. बाबा हर्णैच्या बंदरावरनं मासळी डिकीतनं आणायचे, बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं तिथे झिरपलंय, आणि मागच्या डाव्या बाजूला ब्रेक दाबला की इंडिकेटरचा बल्बपण अंधुक पेटतो. म्हणजे मागच्या दिव्यांची अर्थही तशीच झालीये. डिकीचा गालिचा उचलून बघितला, बोल्ट दिसतोय, हिरवा झालाय. पुढच्या फेरीत पॉलिश पेपर आणि वॉशर घेऊन जाणार आहे.